कान तुमचे, पैसे तुमचे: ऑडिओ उपकरणं आणि ऐकण्यातले फरक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हेडफोन, स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरबद्दल येणाऱ्या प्रश्नांमध्ये उपकरणाची माहिती भरपूर असते. ज्या कानांनी ते ऐकायचं, त्यांच्याबद्दल बहुतेक जण एक ओळही लिहीत नाहीत. खरेदी फसण्याचं मूळ बरेचदा तिथेच असतं. म्हणून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे आहेत, पुढे अडचणीचे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मित्राला जो हेडफोन अप्रतिम वाटतो तो मला टोचतो. आमच्यापैकी कुणाचे कान खराब आहेत?

बहुधा कुणाचेच नाहीत. कानाच्या पाळीचा आकार, तिच्या घड्या, आतल्या नळीची लांबी-रुंदी हे सगळं माणसागणिक बदलतं. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, आणि ३,००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं; आकडा मोठा तितका सूर वरचा) आसपासचा आवाज ती आपणहून वाढवते. कुणाच्या कानात ही वाढ जरा खाली होते, कुणाच्या जरा वर. हेडफोन बनवणारे एक सरासरी कान गृहीत धरतात. त्या हेडफोनने जिथे आवाज उचललाय आणि तुमचा कान जिथे उचलतो, त्या जागा एकमेकींवर आल्या की टाळ, झांजा आणि तार सप्तकातले सूर बोचायला लागतात. मित्राच्या कानात त्या जागा वेगळ्या पडतात, म्हणून त्याला तोच आवाज मोकळा वाटतो.

स्पीकरच्या बाबतीत असे मतभेद कमी होतात. स्पीकरचा आवाज तुमच्या पाळीवरून, तुमच्या नळीतून नेहमीच्याच वाटेने आत येतो आणि त्या वाटेची तुमच्या मेंदूला जन्मापासून सवय असते. कानात खुपसायचे इअरफोन ही वाट जवळजवळ पूर्ण बंद करतात, त्यामुळे तिथे फरक सर्वांत जास्त. म्हणून दुसऱ्याच्या शिफारशीवर स्पीकर घेणं एक वेळ चालेल, इअरफोन मात्र स्वतः कानात घालून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत.

२. माणसाला २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं म्हणतात. मला १३,००० च्या पुढे काहीच ऐकू येत नाही. माझे कान गेले का?

नाही. २०,००० हा आकडा निरोगी, तरुण कानांचा आहे. वय वाढतं तशी वरची टोकं आधी जातात आणि मध्यमवयात १३-१४ हजारांवर थांबणं अगदी सर्वसाधारण आहे.

आकडा ऐकून घाबरायला होतं, कारण १३ आणि २० यांत फार मोठी तफावत दिसते. सप्तकांच्या भाषेत मोजा. २० ते २०,००० म्हणजे सुमारे दहा सप्तकं. त्यातलं १३,००० च्या वरचं पाऊण सप्तकसुद्धा भरत नाही. पियानोची सर्वांत वरची पट्टीही ४,१८६ हर्ट्झवर संपते. १३ हजारांच्या वर कुठलाही सूर किंवा शब्द नसतो. तिथे असते झांजेची शेवटची झिलई आणि ध्वनिमुद्रणातला थोडा मोकळेपणा.

शिवाय चाचणी कशावर केलीत तेही पाहा. कमी दर्जाच्या एमपी३ फाइलमध्ये १६ हजारांच्या वरचं बहुतेक कापलेलंच असतं. फोनच्या स्पीकरवर तर या चाचणीला काही अर्थच नाही.

३. मग नीट चाचणी कुठे करायची? ऑनलाइन चाचणी पुरेशी नाही का?

ऑनलाइन चाचणीत तुमचा कान, तुमचा इअरफोन आणि घरातला पंखा या तिघांची मिळून परीक्षा होते. ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवण तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे) बंद खोलीत, प्रमाणित हेडफोनवर ऑडिओग्राम काढून घ्या. २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंत प्रत्येक कानाला किती हळू आवाज ऐकू येतो, त्याचा तो आलेख असतो. सर्वांत हळू जो आवाज ऐकू येतो त्याची पातळी म्हणजे उंबरठा; तो २० डेसिबलपर्यंत असला तर सर्वसाधारण मानतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी १९८३ पासून आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागातही सोय असते.

ऑडिओग्रामच्या आधी डॉक्टरांकडून कान तपासून घ्या. मळ साचल्यामुळे आवाज दबतो, आणि रोज इअरफोन घालणाऱ्यांचा मळ आत ढकलला जातो. कापसाच्या काड्यांनी तो आणखी आत जातो, त्या वापरू नका. हेडफोन बदलायला निघालेल्या काही जणांचं काम फक्त मळ काढण्यानेच भागतं.

४. पन्नाशी उलटली. आता महागडी सिस्टिम घेण्यात अर्थ आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा ‘नाही’ हे उत्तर आधीच ठरलेलं असतं. मला ते मान्य नाही.

तुमचे कान जसे आहेत तसेच ते मैफलीतही असतात. समोर बसून गाणं ऐकतानाही वरची टोकं तुम्हाला ऐकू येत नाहीत, तरी ते गाणं तुम्हाला खरं आणि पूर्ण वाटतं. म्हणजे तुमच्यासाठी ‘खरा आवाज’ कसा, हे तुमच्याच कानांनी ठरवलेलं असतं. जी सिस्टिम मूळ आवाज प्रामाणिकपणे पोचवते, ती वीस वर्षांच्या मुलालाही खरी वाटेल आणि तुम्हालाही. चांगल्या उपकरणाचे मुख्य गुण मधल्या आणि खालच्या पट्ट्यात असतात: आवाजात खरखर किंवा चुरगळलेपणा नसणं, डग्ग्याची घुमक नेमकी थांबणं, दोन वाद्यं एकमेकांत न मिसळणं. हे गुण १०,००० हर्ट्झपर्यंत ऐकणाऱ्या कानालाही पुरेपूर कळतात.

काही गोष्टींचे पैसे मात्र देऊ नका. ४०,००० हर्ट्झपर्यंत जाणारा सुपरट्वीटर, म्हणजे फक्त अतिवरच्या टोकासाठीचा छोटा स्पीकर, तुम्हाला काही देणार नाही. हाय-रेझ, म्हणजे सीडीहून जास्त तपशिलाच्या फाइलींबद्दल प्रश्न ६ पाहा. खोली आणि स्पीकरची जागा यांवर थोडा खर्च आणि कष्ट जास्त करा, कारण तो फरक कुठल्याही वयात ऐकू येतो (प्रश्न ९).

अपवाद एकच. ऑडिओग्राममध्ये २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यातच मोठी तूट दिसत असेल, तर आधी त्याचा इलाज पाहा. बोलण्यातली व्यंजनं याच पट्ट्यात बरीचशी असतात. श्रवणयंत्राची गरज असताना ते पैसे अ‍ॅम्प्लिफायरवर घालवणं म्हणजे स्वतःचंच नुकसान.

५. मी मुख्यतः जुनी नाट्यगीतं आणि जुन्या तबकड्यांवरून केलेल्या फाइली ऐकतो. माझ्या कानांना वरचं ऐकू येत नाही. माझं काही हुकतंय का?

फार काही नाही. १९२५ च्या सुमाराला विद्युत ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायक कर्ण्यासमोर उभा राहून गात असे आणि त्या तंत्रात ५,००० हर्ट्झच्या वरचं जवळपास काहीच टिपलं जात नसे. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएम तबकड्या, मीडियम वेव्हवरची आकाशवाणी, हे सगळंच अरुंद पट्ट्यातलं ऐकणं आहे. तबकडीतून त्या टोकांना मुख्यतः सुईची खरखर येते, आणि ती कमी ऐकू येणं तुमच्या सोयीचंच आहे. अशा संग्रहासाठी मधला पट्टा स्वच्छ असलेली साधी, चांगली स्पीकरजोडी पुरते.

आजच्या ध्वनिमुद्रणांचं मात्र वेगळं आहे. तंबोऱ्याची जवारी हा वरच्या स्वनांचा, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणाऱ्या वरच्या सुरांचा खेळ आहे. एकाच तारेतून एकावर एक सूर उमलत जातात. ते स्वन काही हजार हर्ट्झपर्यंत चढतात, म्हणून मधल्या पट्ट्यात तूट असली की तंबोरा मंद, बोथट वाटायला लागतो. तबल्याच्या चाटेवरच्या ‘ना’ची धारही तशीच हरवते. ‘हल्ली तंबोरे नीट लागत नाहीत’ अशी तुमची तक्रार असेल तर एकदा ऑडिओग्राम काढून बघा. हे मनापासून सांगत आहे.

६. हाय-रेझ फाइली आणि त्यासाठीचा डॅक (डिजिटल फाइलचं आवाजाच्या विद्युत संकेतात रूपांतर करणारं उपकरण) घ्यावा का? मला फरक कळेल का?

सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात (४४.१ किलोहर्ट्झ), आणि त्याच्या निम्म्यापर्यंतचा, म्हणजे २२,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज त्यात मावतो. तुमच्या कानांना जेवढं ऐकू येतं तेवढं सगळं त्यात येतं. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, कोणता आवाज वाजतोय हे न सांगता, ऐकणाऱ्यांना हाय-रेझ आणि सीडीच्या दर्जाचा आवाज वेगळे ओळखता आले नाहीत. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२ टक्क्यांच्या थोडं वर निघालं. नुसत्या अंदाजाने ५० टक्के येतात. म्हणजे फरक असलाच तर तो इतका बारीक आहे.

फाइलवरचं लेबल बघण्यापेक्षा ध्वनिमुद्रण कोणी आणि कसं केलंय ते बघा.

७. दुकानात जो स्पीकर भारी वाटला तो घरी फिका का वाटतो?

आवाजाच्या पातळीमुळे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की आवाज हळू असला की कानाला बास फारच कमी ऐकू येतो, आणि पातळी वाढवली की तो झपाट्याने भरून येतो. दुकानात मोठ्याने लावतात, घरी रात्री शेजाऱ्यांचा विचार करून आपण हळू लावतो. स्पीकर तोच असतो, कानाचं वागणं बदलतं.

दोन स्पीकर शेजारी ठेवून ऐकताना जो किंचित मोठा वाजतो तो ‘स्वच्छ’ आणि ‘भरीव’ वाटतो. कुणी मुद्दाम केलं नाही तरी हे होतं. म्हणून विक्रेत्याला दोन्हींची पातळी सारखी करायला सांगा, आणि तुम्ही घरी जेवढं लावता तेवढ्याच आवाजात ऐका. लॅमिंग्टन रोडच्या गोंगाटातून थेट दुकानात शिरून लगेच निर्णय घेऊ नका. थोडा वेळ शांत बसा, मग ऐका.

८. एकाच इअरफोनचा बास एक दिवस दमदार असतो, एक दिवस गायब. इअरफोन बिघडलाय का?

रबरी टोपी कानात नीट बसत नसणार. बारीकशी फट राहिली तरी बास निसटतो. डाव्या आणि उजव्या कानाच्या नळ्यांची मापं वेगळी असू शकतात, तेव्हा दोन्हीकडे वेगळ्या मापाच्या टोप्या घालायला हरकत नाही. मोठ्या हेडफोनच्या बाबतीत चष्म्याची काडी, जाड केस किंवा कानातलं दागिन्याचं टोक गादी उचलून धरतं आणि तेच घडतं. चष्मा लावणाऱ्यांनी चष्मा लावूनच हेडफोन निवडावा.

९. घरी बास नुसता घुमतो. माझ्या कानांना तो जास्त ऐकू येतो असं असू शकतं का?

खोलीचा संशय आधी घ्या. १० बाय १२ फुटांच्या खोलीत ५६ आणि ४७ हर्ट्झच्या आसपास भिंतींमध्ये आवाज अडकून फुगतो. एका जागी बसलं की घुमतो आणि दोन पावलं सरकलं की नाहीसा होतो, असं असेल तर कानांचा काही संबंध नाही. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, स्वतःची खुर्ची पुढे-मागे करून बघा.

१०. प्रत्येकाचे कान वेगळे, मग रिव्ह्यू वाचण्यात काय अर्थ? चांगलं-वाईट असं काही उरतच नाही ना?

उरतं. ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून हात झटकणं मला पटत नाही. ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांनी २००३ मध्ये २६८ जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. स्पीकर कोणता वाजतोय हे ऐकणाऱ्यांना दिसत नव्हतं. त्यांत कान तयार असलेले होते आणि सामान्य श्रोतेही होते, तरी स्पीकरांचा पसंतीक्रम साधारण सारखाच आला. तयार कानांचे गुण अधिक ठाम आणि सातत्याचे होते, एवढाच फरक.

हेडफोनमध्ये आवडीची फाटाफूट जरा जास्त दिसते. ऑलिव्ह यांच्याच पुढच्या संशोधनात सुमारे ६४ टक्के लोकांना हरमन कंपनीचा ठरावीक आलेख (कुठल्या हर्ट्झला आवाज किती असावा हे सांगणारा) आवडला, १५ टक्क्यांना त्याहून जास्त बास हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. म्हणजे तुम्ही या तीन गटांतल्या कुठल्या गटात बसता हे एकदा कळलं की रिव्ह्यू उपयोगी पडायला लागतात.

रिव्ह्यू लिहिणाऱ्याच्या कानांचाही विचार करा. कॅनडातल्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी केलेल्या चाचण्यांत, ज्यांना ऐकू कमी येत होतं ते एकाच स्पीकरला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे गुण देत होते. त्यामुळे नुसतं वर्णन वाचू नका, सोबत मोजमापांचा आलेख असेल तर त्याला जास्त वजन द्या.

११. मला महाग केबलमुळे पडलेला फरक स्पष्ट ऐकू येतो. माझे कान तेवढे तीक्ष्ण असतील, नाही का?

तपासून बघा. दुसऱ्या कुणाला तरी केबल बदलायला सांगा आणि कोणती लावली हे न बघता ओळखा. सोळा वेळा करा. बारा किंवा जास्त बरोबर आले तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. आठ-नऊ आले तर पैसे वाचवा. आवाजाची पातळी सारखी हवी, कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

१२. ऑडिओग्राममध्ये ४,००० हर्ट्झला ४० डेसिबलची तूट आहे. इक्विलायझरवर तिथे ४० डेसिबल वाढवू का?

अजिबात नको. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी कमी झाल्या की हळू आवाज ऐकूच येत नाहीत, पण मोठे आवाज जवळजवळ पूर्वीइतकेच मोठे वाटतात. त्यामुळे हळू आवाजासाठी केलेली वाढ मोठ्या आवाजाला असह्य होते. शिवाय दर १० डेसिबलला दहापट शक्ती लागते, म्हणजे ४० डेसिबलला दहा हजारपट. स्पीकर जाईल आणि उरलेल्या केसपेशींनाही इजा होईल. त्या पुन्हा उगवत नाहीत.

तुटीच्या साधारण निम्मी वाढ हा श्रवणयंत्रांतला जुना ठोकताळा आहे. संगीतासाठी त्याहूनही कमीपासून सुरुवात करा, ४-५ डेसिबलने. काही दिवस ऐका, मग ठरवा. आयफोनमध्ये ‘हेडफोन अकोमोडेशन्स’ आणि सॅमसंगच्या फोनमध्ये ‘अडॅप्ट साउंड’ नावाची सोय आहे. या सोयी तुमच्या ऐकण्यानुसार आवाज जुळवून देतात. महागडा हेडफोन बदलण्याआधी हे फुकटचं करून बघा.

१३. एका कानाला जवळपास ऐकू येत नाही. स्टिरिओ सिस्टिम घेऊ का?

दोन चांगल्या स्पीकरांऐवजी एकच उत्तम स्पीकर घ्या आणि सगळा आवाज मोनो करून त्यातून ऐका. फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनोचं बटण असतं. हेडफोनवर ऐकताना ते हमखास लावा, नाहीतर गाण्यातली काही वाद्यं तुमच्यापर्यंत पोचणारच नाहीत. दोन कानांत थोडाच फरक असेल तर बॅलन्स किंचित सरकवणं पुरतं.

१४. श्रवणयंत्र घालून गाणं ऐकलं की बासरी थरथरते, सूर हलतो. यंत्र खराब आहे का?

यंत्र बोलणं ऐकवण्यासाठी जुळवलेलं असतं. लांबवलेला शुद्ध सूर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते तो दाबायला बघतं. त्यातून ही थरथर येते. ऑडिओलॉजिस्टकडे संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम मागा. त्यात शिट्टी रोखणं सौम्य करतात आणि गोंगाट कमी करणं बंद करतात. यंत्रात थेट ब्लूटूथने गाणं ऐकत असाल आणि कानात उघडी टोपी असेल तर बास मिळणार नाही. घरी शांतपणे ऐकताना तूट सौम्य असेल तर यंत्र काढून, चांगल्या स्पीकरवर थोडा आवाज वाढवून ऐकणंही काहींना जास्त सुखाचं वाटतं. दोन्ही करून बघा.

१५. मी ढोल-ताशा पथकात वाजवते. मिरवणुकीनंतर दोन दिवस कानात सूं आवाज येतो आणि हेडफोन मळकट वाटतो. काळजी करू का?

हो, करा. कान तात्पुरते बधिर झाल्याची ती खूण आहे. दरवर्षी असं होत राहिलं तर तूट कायमची होते, आणि गोंगाटाने होणारी इजा सहसा ४,००० हर्ट्झच्या आसपास आधी दिसते. कामाच्या जागेसाठीचा नेहमीचा हिशेब असा की ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला तो १५ मिनिटांवर येतो. पथकाच्या मध्ये उभं राहून याहून जास्त आवाज तासन् तास अंगावर घेतला जातो.

वादकांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग मिळतात. त्यात ठेका आणि ताशाची तडतड स्पष्ट राहते, फक्त पातळी उतरते. सरावालाही घाला, कारण सराव महिनोन् महिने चालतो. पथकप्रमुखांनी सगळ्यांसाठी एकत्र मागवावेत असं मला फार वाटतं. सूं थांबेपर्यंत कुठलाही हेडफोन घेऊ नका आणि विकूही नका.

१६. ऑडिओग्राम नॉर्मल आहे, तरी सिनेमातले संवाद कळत नाहीत. आता काय घेऊ?

ऑडिओग्राम शांत खोलीतले हळू आवाज मोजतो, गोंगाटातलं बोलणं मोजत नाही. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की गोंगाटानंतर उंबरठा पूर्ववत झाला तरी केसपेशी आणि नस यांच्यातले जोड कायमचे गेलेले असू शकतात. त्यामुळे ऑडिओलॉजिस्टकडे गोंगाटातल्या बोलण्याची वेगळी चाचणी मागा. तोपर्यंत टीव्हीच्या मागे किंवा खाली तोंड असलेल्या स्पीकरऐवजी मधला, संवादांसाठीचा वेगळा स्पीकर असलेला साउंडबार घ्या. सबटायटल लावायला संकोच करू नका.

१७. पूर्वी घेतलेल्या भारी सिस्टिममधला आणि मुलाच्या स्वस्त स्पीकरमधला फरक आता मला कळत नाही. विकून टाकू का?

आधी कान तपासा (प्रश्न ३), मग दोन्ही सारख्या पातळीवर ऐका. जुन्या स्पीकरच्या कोनाभोवतीची फोमची कड वर्षांनी झडते, तीही पाहा. शक्यता आहे की कानांइतकाच स्पीकरही थकला असेल. सगळं ठीक असूनही फरक कळत नसेल तर विकायला हरकत नाही. बाजारभाव तुमच्या कानांवर ठरत नाही आणि ज्याला तो फरक ऐकू येतो त्याच्या घरी ती सिस्टिम वाजत राहील.

१८. सकाळी उठलो तर हेडफोनची डावी बाजू मंद. दोन्ही बाजू अदलाबदल करून घातल्या तरी डाव्या कानालाच कमी येतं. कोणती सेटिंग बदलू?

कुठलीही नाही. हेडफोन उलटा घालूनही त्याच कानाला कमी येत असेल तर दोष कानात आहे. तो मळ किंवा सर्दीचा दडा असू शकतो, पण आतल्या कानाचं ऐकणं अचानक जाण्याचीही हीच खूण असते. त्यात पहिल्या काही दिवसांत सुरू केलेल्या उपचारांचा उपयोग जास्त होतो. आजच कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा, आणि अपॉइंटमेंट उद्याची मिळत असेल तर रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.